आल्प्सखालून बोगदा गेला, तरी ट्रक रस्त्यावरच का? युरोपातील रस्ता-रेल्वे संयुक्त मालवाहतूक

घाटवाटा (धागाकर्ता)

स्वित्झर्लंडच्या मतदारांनी २० फेब्रुवारी १९९४ रोजी सरकार आणि संसद या दोघांचाही विरोध डावलून राज्यघटनेत एक कलम घालून घेतले. देशाच्या एका सीमेवरून शिरून आल्प्स ओलांडत दुसऱ्या सीमेतून बाहेर पडणारा माल रेल्वेनेच गेला पाहिजे, असे ते कलम सांगते. पुढे कायद्याने त्याला आकडा जोडला. गोटहार्ड डोंगराच्या पायथ्याच्या पातळीवरून जाणारा रेल्वेबोगदा सुरू झाल्यानंतर दोन वर्षांच्या आत आल्प्स ओलांडणाऱ्या मालट्रकांची संख्या वर्षाला साडेसहा लाखांवर आली पाहिजे, असे ठरले. बोगदा २०१६ मध्ये सुरू झाला, २०१८ हे मुदतीचे वर्ष येऊन गेले, आणि ही संख्या अजूनही नऊ लाखांच्या आसपास घुटमळते आहे. २००० साली ती चौदा लाखांवर पोचली होती, हे लक्षात घेतले तर झालेले काम लहान नाही, आणि आज स्वित्झर्लंडमधून आल्प्स ओलांडणाऱ्या मालापैकी सुमारे ७० टक्के माल रेल्वेने जातो. हा धागा मात्र उरलेल्या अडीच लाख ट्रकांविषयी आहे.

माझे मत आधीच सांगून टाकतो. डोंगराचा प्रश्न स्विस लोकांनी बहुतांशी सोडवला आहे. अडले आहे ते डोंगराच्या दोन्ही अंगांना असलेल्या सपाटीवर, आणि ट्रेलरच्या बुडाशी.

संयुक्त वाहतुकीची कल्पना साधी आहे. माल एकदा पेटीत भरला की तो ग्राहकाच्या दारापर्यंत पुन्हा हाताळायचा नाही. पेटीच तेवढी एका वाहनावरून दुसऱ्या वाहनावर न्यायची. कारखान्यापासून जवळच्या टर्मिनलपर्यंत ट्रक, तिथून लांबचा पल्ला रेल्वे, आणि शेवटी पुन्हा ट्रक. युरोपीय संघाच्या १९९२ च्या निर्देशात ही व्याख्या कायद्याच्या भाषेत बांधली आहे. मधला टप्पा सरळ रेषेत १०० किमीपेक्षा जास्त असावा, आणि रस्त्यावरचा टप्पा जवळच्या सोयीच्या टर्मिनलपर्यंतचाच असावा, अशा त्याच्या अटी आहेत. या वाहतुकीला एक सवलतही मिळते. एरवी ४० टनांची मर्यादा असलेल्या ट्रकला टर्मिनलपर्यंत कंटेनर नेताना ४४ टनांपर्यंत मुभा असते. व्यवसाय अर्थातच कायद्याच्या आधीपासूनचा आहे. इटलीच्या सीमेवरील कियासो गावात १९६७ मध्ये काही वाहतूकदारांनी हुपाक ही कंपनी काढली, १९६९ मध्ये जर्मनीत कोम्बिफेर्केअर निघाली, आणि अशा कंपन्यांची यूआयआरआर ही संघटना १९७० मध्ये उभी राहिली. ट्रकवाल्यांनीच ट्रक रुळांवर चढवण्याचा धंदा सुरू केला, ही गोष्ट मला या इतिहासात सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण रेल्वेच्या नोकरशाहीकडून हे झाले असते असे वाटत नाही.

आता पेटी कोणती, यावर पुढचे सगळे अवलंबून असते. जहाजावरचा कंटेनर सर्वांत सोपा, कारण चार कोपरे पकडले की झाले. दुसरी आहे अदलाबदलीची पेटी, म्हणजे चार घडीचे पाय असलेला ट्रकचा मागचा सांगाडा. पाय खाली सोडले की ट्रक तिच्याखालून निघून जातो आणि पेटी आवारात उभी राहते. पण युरोपातला खरा मालवाहू ट्रक म्हणजे १३.६ मीटर लांबीचा सेमी-ट्रेलर आणि त्यापुढचे इंजिन-केबिन. रस्त्यावरून रुळांवर आणायचा असेल तर तो हा ट्रेलर आणावा लागतो, आणि त्याला उचलणे कंटेनरइतके सरळ नाही.

मिलानजवळच्या बुस्तो आर्सिझियो-गाल्लाराते टर्मिनलसारख्या ठिकाणी हे काम कसे चालते ते सांगतो. चालक ट्रेलर क्रेनखालच्या गल्लीत लावून केबिन सोडवून निघून जातो. क्रेनच्या आडव्या चौकटीला कंटेनरचे कोपरे पकडणारी कुलपे असतातच. ट्रेलरसाठी त्याच चौकटीतून चार लांब हात खाली उतरतात आणि ट्रेलरच्या खालच्या कडेला असलेल्या चार मजबूत खाचांना धरतात. त्या खाचांवर पिवळा रंग मारलेला असतो, जेणेकरून वर बसलेल्या माणसाला त्या दिसाव्यात. ट्रेलर उचलून वाघिणीवर आणला की त्याची चाके वाघिणीच्या मधल्या खोलगट भागात, रुळांच्या वर जेमतेम वीतभर उंचीवर, जाऊन बसतात, आणि पुढची जोडखीळ, म्हणजे एरवी केबिनला जोडणारी खीळ, वाघिणीवरच्या घोडीत अडकते. ही घोडी ट्रेलरच्या उंचीनुसार वरखाली करता येते. मागचा धक्कारोधक दांडा वर दुमडायचा, हवेच्या स्प्रिंगमधली हवा सोडायची, पाट्या तपासायच्या, आणि पुढचा ट्रेलर घ्यायचा. ट्रेलरवर एक पिवळी पाटी असते. तिच्यावर पी-४०० असे लिहिले असेल तर चार मीटर उंचीच्या ट्रेलरसाठी मोकळा केलेल्या मार्गावरून तो जाऊ शकतो.

या चार मीटरसाठी स्वित्झर्लंडने केवढा खटाटोप केला! जुन्या गोटहार्ड मार्गावर ३.८४ मीटरपर्यंतच परवानगी होती, आणि बाजारातले बहुतेक ट्रेलर चार मीटरचे. म्हणजे ५७ किमीचा बोगदा खणूनही, अलीकडच्या-पलीकडच्या जुन्या बोगद्यांची छते नडली असती. म्हणून बाझलकडच्या वाटेवर ब्योझबेर्गचा नवा बोगदा खणला, दक्षिणेला १५.४ किमीचा चेनेरी बोगदा झाला, फलाटांची छपरे, सिग्नलचे खांब आणि पूल बदलले, आणि इटलीच्या हद्दीतील लुइनो मार्गाच्या कामालाही स्विस तिजोरीतून पैसे दिले. २०२० च्या अखेरीस हा चार मीटरचा मार्ग पूर्ण झाला. परक्या देशाचे बोगदे स्वतःच्या खर्चाने मोठे करून देणारे दुसरे राष्ट्र मला ठाऊक नाही.

आणि एवढे करूनही युरोपातल्या बहुसंख्य सेमी-ट्रेलरांना त्या पिवळ्या खाचाच नाहीत. खाचांचा ट्रेलर थोडा महाग असतो आणि थोडा जड असतो. ज्या मालकाला आपला ट्रेलर कधी रेल्वेवर जाईल याची खात्री नाही तो हे दोन्ही कशाला सोसेल? आपल्या सभासदांपैकी कोणी या क्षेत्रात असतील तर त्यांनी अनुभव जरूर मांडावेत.

कोकणपट्टी

माहितीपूर्ण धागा. आपल्याकडे कोकण रेल्वेने जानेवारी १९९९ मध्ये कोलाड ते वेर्णा रो-रो सेवा सुरू केली, आणि भरलेले अख्खे ट्रक सपाट वाघिणींवर चढवून नेण्याचा तो प्रयोग आजही चालू आहे. मुंबई-गोवा महामार्गाची दशा ज्यांनी भोगली आहे त्यांना त्याचे मोल सांगायला नको. मग युरोपात ट्रेलर उचलण्याची, खाचांची आणि क्रेनची एवढी उस्तवार कशासाठी? ट्रक सरळ उतारावरून गाडीवर चढवावा आणि पलीकडे उतरवावा. कोकणात चालक आणि क्लीनर आपल्याच केबिनमध्ये बसून प्रवास करतात, त्यासाठी वेगळा खर्चही नाही.

घाटवाटा

आपण म्हणता तेही युरोपात झाले, आणि तिथे त्याला 'चालता महामार्ग' अशाच अर्थाचे नाव आहे. जर्मनीतले फ्रायबुर्ग ते इटलीतले नोव्हारा या मार्गावर राल्पिन कंपनीची अशी गाडी २००१ पासून धावत होती. चालकांसाठी मात्र शयनयानाचा डबा वेगळा जोडत, कारण उच्च दाबाच्या तारांखाली ट्रकच्या केबिनमध्ये माणसे बसवून न्यायची नाहीत असा तिथला दंडक आहे. त्या डब्यातली झोप चालकाच्या सक्तीच्या विश्रांतीत धरली जाई. युरोपीय नियमाप्रमाणे साडेचार तास गाडी चालवल्यावर ४५ मिनिटे थांबावे लागते आणि दिवसाची नेहमीची विश्रांती ११ तासांची असते, त्यामुळे रात्रभर गाडीत झोपून सकाळी पो नदीच्या खोऱ्यात ताजातवाना उतरलेला चालक ही मालकाच्या दृष्टीने चांगली गोष्ट होती. त्यातच स्वित्झर्लंडमध्ये रात्री दहा ते पहाटे पाच ट्रकना रस्त्यावर बंदी आहे.

अडचण उंचीची. कोकण रेल्वेची ब्रॉडगेज आणि आपल्या रेल्वेची प्रशस्त मोजमापे यांमुळे साध्या सपाट वाघिणीवर ट्रक उभा करता येतो. युरोपातले बोगदे अरुंद आणि ठेंगणे. चार मीटरचा ट्रक त्यांत बसवायचा तर वाघिणीचा तळ इतका खाली न्यावा लागतो की तिची चाके ३६ सेंटिमीटरच्या आसपास व्यासाची करावी लागतात. एवढे लहान चाक तेवढ्याच अंतरात कितीतरी जास्त वेळा फिरते, लवकर झिजते, तापते, आणि एका वाघिणीला चारऐवजी आठ-दहा धुरा लागतात. देखभालीचा खर्च त्यातूनच वाढतो. शिवाय ट्रकचे इंजिन-केबिनही माल म्हणून ओढावे लागते, जिच्यासाठी कोणी भाडे देत नाही. ही सेवा सरकारी अनुदानावर चालत होती. २०२८ पर्यंत अनुदान मंजूर असूनही राल्पिनने ती डिसेंबर २०२५ मध्ये बंद करायचे ठरवले. जुन्या झालेल्या वाघिणींचा ताफा आणि ऱ्हाइन खोऱ्यातल्या रेल्वेकामांमुळे वारंवार रद्द होणाऱ्या फेऱ्या, या दोन्हींनी तिचा जीव घेतला.

ऱ्हाइनकाठ

मी जर्मनीत एका वाहतूक कंपनीत गाड्यांचे नियोजन करतो, त्यामुळे धागाकर्त्याच्या 'सपाटी' या शब्दाशी शंभर टक्के सहमत आहे. बाहेरच्यांना वाटते की रेल्वे महाग आहे म्हणून लोक ट्रक वापरतात. माझ्या टेबलावर रोज येणारा प्रश्न दराचा नसतो, वेळेचा असतो. रेल्वेची गाडी रात्री सुटते. तिच्यात ट्रेलर बसवायचा तर तो संध्याकाळी ठरलेल्या घटकेच्या आत टर्मिनलच्या फाटकातून आत गेला पाहिजे. कारखान्याने माल भरायला तासभर उशीर केला तर ट्रकच्या बाबतीत तासभर उशीर होतो, रेल्वेच्या बाबतीत गाडी चुकली म्हणून अख्खा दिवस जातो. उलट बाजूने पाहिले तर सकाळी सहाला येणारी गाडी दुपारी दोनला आली, तर तिच्यासाठी सकाळपासून उभे केलेले स्थानिक ट्रक, त्यांचे चालक आणि ग्राहकाच्या गोदामात राखून ठेवलेली उतरवण्याची वेळ, हे सगळे वाया जाते. आणि गाडी रद्द झाल्याचे पुष्कळदा आम्हांला गाडी सुटायच्या वेळीच कळते.

ऱ्हाइनच्या काठाने जाणारा कार्ल्सरूहे-बाझल मार्ग हे या सगळ्याचे मूळ आहे. रोटरडॅम आणि अँटवर्पहून जेनोव्हाकडे जाणारा माल याच वाटेने जातो. जर्मनी आणि स्वित्झर्लंड यांच्यात १९९६ मध्ये लुगानो येथे करार झाला होता, आणि त्यात बोगद्यांकडे येणाऱ्या वाटा रुंद करण्याची जबाबदारी जर्मनीने घेतली होती. स्विस लोकांनी गोटहार्ड, चेनेरी आणि ल्योचबेर्ग हे आपले तिन्ही बोगदे खणून वाहतुकीला खुले केले; इकडचे चौपदरीकरण मात्र २०४० च्या दशकापर्यंत पुरे होणार नाही, असे आता खुद्द सरकारी नियोजनच सांगते.

२०१७ ची गोष्ट नियोजनातला कोणीही विसरणार नाही. रास्टाट गावाखाली याच चौपदरीकरणाचा बोगदा चालू रुळांच्या खालून, जमीन गोठवून खणत होते. १२ ऑगस्टला वरचे रूळ खचले. दिवसाला दोनशेपर्यंत मालगाड्या नेणारा मार्ग २ ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे सात आठवडे, पूर्ण बंद राहिला. बोगद्याचा खचलेला भाग काँक्रीट ओतून भरावा लागला आणि खणणारे यंत्रही त्यातच गाडले गेले. नकाशावर पर्यायी वाटा होत्या, नव्हत्या असे नाही. स्टुटगार्टवरून जाणारी एक वाट त्याच सुमारास दुरुस्तीसाठी बंद होती. ऱ्हाइनच्या पलीकडे फ्रान्समधून दुसरी वाट होती, पण तिथे फ्रेंच बोलणारा आणि तो मार्ग ठाऊक असलेला इंजिनचालकच लागतो, आणि तसे चालक पुरेसे नव्हते. ट्रकचालकाला जर्मनीच्या बाडेनमधून फ्रान्सच्या अल्सासमध्ये शिरताना परीक्षा द्यावी लागत नाही. त्या सात आठवड्यांत जे ग्राहक रस्त्याकडे वळले त्यांतले काही परत आलेच नाहीत.

हिशेबनीस

चर्चा तंत्राकडे फार झुकते आहे, म्हणून थोडे पैशाचे बोलतो. स्वित्झर्लंडचे यश बोगद्यांमुळे नाही, करामुळे आहे. १ जानेवारी २००१ पासून त्या देशातल्या प्रत्येक जड ट्रकला वजन, अंतर आणि प्रदूषणाची वर्गवारी यांच्या गुणाकाराने आकार भरावा लागतो, मग तो ट्रक महामार्गावर असो की गल्लीत. त्याआधी तिथे २८ टनांहून जड ट्रकना बंदीच होती. युरोपीय संघाला ४० टनांचे ट्रक हवे होते, स्विस लोकांना कर हवा होता. दोघांनी देवाणघेवाण केली, मर्यादा आधी ३४ आणि २००५ मध्ये ४० टनांवर नेली. ट्रक मोठे झाले म्हणून फेऱ्या कमी झाल्या, आणि कर लागला म्हणून रिकाम्या फेऱ्या कमी झाल्या. ट्रकांची संख्या खाली आली ती मुख्यतः गोटहार्डचा बोगदा उघडण्याआधीच. त्या कराच्या उत्पन्नाचा मोठा भाग याच बोगद्यांवर खर्च झाला, आणि वर चालक सोबत न जाणाऱ्या, म्हणजे नुसती पेटी किंवा ट्रेलर नेणाऱ्या संयुक्त वाहतुकीला दर फेरीमागे अनुदानही दिले गेले.

तेव्हा प्रश्न असा आहे की जिथे असा कर नाही तिथे काय होते. उत्तर शेजारीच आहे. ऑस्ट्रिया आणि इटली यांच्यामधल्या ब्रेनर खिंडीतून वर्षाला वीस लाखांहून जास्त ट्रक जातात, म्हणजे सगळ्या स्विस खिंडींच्या बेरजेच्या दुपटीहून अधिक. त्यांतले अनेक स्वित्झर्लंडमधून जवळ पडत असूनही वळसा घालून ब्रेनरने जातात, कारण तो वळसा स्वस्त पडतो. बोगद्यांच्या गौरवगाथा लिहिताना हे सोयीस्करपणे विसरले जाते.

घाटवाटा

हिशेबनीस, कराचे श्रेय मी नाकारत नाही. पण तुमच्या युक्तिवादातून ब्रेनरचे अर्धेच चित्र दिसते. तिथला रेल्वेमार्ग १८६७ चा आहे आणि त्याचा चढ हजाराला २५-२६ आहे. आपल्या बोरघाटाचा किंवा कसारा घाटाचा ३७ फुटांत एक फूट हा चढ हजाराला २७ होतो, म्हणजे ब्रेनरचा मार्ग जवळपास कर्जत-लोणावळ्याइतकाच उभा आहे. घाटात मागून ढकलणारी बँकर इंजिने लावावी लागणे म्हणजे काय हे मुंबई-पुणे मार्गावरच्या प्रवाशाला समजावून सांगायला नको. पायथ्याच्या बोगद्याने एकच इंजिन लांब आणि जड गाडी सपाटीसारखी ओढून नेते, आणि इथेच खरी बचत होते. ब्रेनरचा ५५ किमीचा नवा बोगदा २०३२ मध्ये सुरू व्हायचा आहे. तोपर्यंत कर कितीही लावला तरी माल चढवायचा कशावर? आणि तिथेही पुन्हा तीच रड: बोगद्याच्या उत्तरेची बव्हेरियातली वाट रोझेनहाइमच्या परिसरात स्थानिक विरोधात अडकली आहे.

ब्रेनरच्या वाटेवरच्या ऑस्ट्रियातल्या टिरोल प्रांताने आपल्या परीने उपाय केले. रात्रीची बंदी घातली, रेल्वेने सहज जाऊ शकेल अशा काही प्रकारच्या मालाला महामार्गावर मज्जाव केला, आणि गर्दीच्या दिवशी कुफश्टाइनला सीमेवर ट्रक मोजून मोजून सोडले. इटलीने त्याविरुद्ध २०२४ मध्ये थेट युरोपीय न्यायालय गाठले. १ जानेवारी २०२५ पासून त्याच महामार्गावरचा लुएग पूल जीर्ण झाल्यामुळे बहुतेक दिवस दोन्ही दिशांना एकेकाच मार्गिकेने चालवावा लागतो आहे. रस्ता स्वस्त असतो तो अशा पुलांचा खर्च आज कोणी मोजत नाही म्हणून.

अडाणी_प्रवासी

मी या विषयात नवखी आहे, म्हणून एक शंका. खाचा नसलेले ट्रेलर क्रेनने उचलता येत नाहीत हे समजले. मग वाघिणीलाच असे काही करता येणार नाही का, की ट्रेलर आडवा सरकून तिच्यात जाईल? फ्रान्समध्ये असे काही पाहिल्याचे आठवते.

ऱ्हाइनकाठ

ताई, आपण पाहिलेली ती बहुधा अल्सासमधल्या लोर कंपनीची मोदालोर वाघीण असावी. तिचा मधला भाग टर्मिनलमध्ये तिरपा फिरतो, ट्रक ट्रेलर त्यावर मागे ढकलून सोडतो, आणि भाग पुन्हा सरळ होतो. एकाच वेळी सगळ्या वाघिणी उघडता येतात म्हणून चढ-उतर झपाट्याने होते. २००३ पासून एतों ते ओर्बासानो, म्हणजे फ्रान्समधून तुरिनकडे, आणि २००७ पासून लक्झेंबर्गमधल्या बेतांबुरहून स्पेनच्या सीमेजवळच्या ल बूलूपर्यंत अशा गाड्या चालू झाल्या. लायप्झिगच्या कार्गोबीमर कंपनीची तऱ्हा वेगळी आहे. तिथे ट्रेलर ठेवलेले तबक आडवे सरकून वाघिणीत जाते, आणि तिचे कॅले येथील टर्मिनल २०२१ मध्ये सुरू झाले. तिसरा उपाय त्याहून साधा: नीक्राझा नावाची लोखंडी चौकट जमिनीवर ठेवायची, ट्रेलर तिच्यावर चढवायचा, आणि क्रेनने चौकटीसकट उचलायचे. त्यात टर्मिनलही बदलावे लागत नाही आणि ट्रेलरही.

पहिल्या दोन पद्धतींची अडचण अशी की त्यांचा पूर्ण फायदा घ्यायचा तर खास त्यांच्यासाठीच टर्मिनले बांधावी लागतात. जिथे ती नाहीत तिथे ही सोय मिळत नाही. शिवाय डोंगराचा भरवसा नाही तो नाहीच. ऑगस्ट २०२३ मध्ये मोरियेन खोऱ्यात दरड कोसळली आणि फ्रान्स-इटलीमधला तो रेल्वेमार्ग २०२५ च्या वसंतापर्यंत बंद पडला. त्या काळात एतोंच्या गाडीला वाटच उरली नाही.

चाकजोडी

दरडीचा विषय निघाला म्हणून त्याच महिन्यातल्या दुसऱ्या अपघाताबद्दल लिहितो, कारण माझे काम चाके आणि ब्रेक यांच्याशी संबंधित आहे. १० ऑगस्ट २०२३ रोजी गोटहार्डच्या पायथ्याच्या बोगद्यात एका मालगाडीच्या वाघिणीचे चाक तुटले. चाकाला धातूच्या थकव्याच्या भेगा पडल्या होत्या आणि त्या धावता धावता वाढत गेल्या. घसरलेली गाडी बोगद्याच्या मधल्या फायदो येथील थांब्यापर्यंत रुळांची आणि स्लीपरांची नासधूस करत गेली. सात किमीच्या आसपास मार्ग नव्याने घालावा लागला आणि बोगदा पूर्ण क्षमतेने सुरू व्हायला २ सप्टेंबर २०२४ उजाडला. दुसरी नळी सुरक्षित होती म्हणून मालगाड्या काही दिवसांतच तिच्यातून सुरू झाल्या, नाहीतर हाहाकार झाला असता. घाटातला जुना मार्ग हाताशी होता, पण चार मीटरचे ट्रेलर त्याच्या बोगद्यांत बसत नसल्यामुळे त्यांना ल्योचबेर्गच्या बोगद्याकडेच वळवावे लागले.

यामागचे तांत्रिक कारण मला धाग्याच्या मूळ मुद्द्याशी जोडलेले वाटते. मालगाड्यांच्या खडखडाटाविरुद्ध लोकांची तक्रार होती, म्हणून बिडाचे जुने ब्रेकठोकळे काढून संमिश्र पदार्थाचे ठोकळे बसवण्यात आले. आवाज खरोखर कमी झाला. पण बिडाइतकी उष्णता हे ठोकळे स्वतः शोषत नाहीत, ती चाकात जाते, आणि डोंगर उतरताना लागणाऱ्या लांबलचक ब्रेकखाली काही जातींची चाके जास्त तापतात. स्विस अपघात-चौकशीने याकडेच बोट दाखवले. त्यानंतर स्विस प्रशासनाने चाकांचा किमान व्यास आणि तपासणी यांचे कडक नियम पुढे आणले, तेव्हा वाघिणींच्या मालकांनी ओरड केली की हे एकट्या स्वित्झर्लंडने करून चालणार नाही, खर्च वाढून माल रस्त्यावर जाईल. मला दोन्ही बाजू पटतात. समजा, वाघीण पोलंडमधली, तिचा मालक जर्मनीतला, ओढणारे इंजिन तिसऱ्याचे आणि बोगदा स्वित्झर्लंडचा. बोगदा बंद पडला की भुर्दंड मात्र ज्याचा बोगदा त्यालाच.

कोकणपट्टी

या सगळ्यात एका गोष्टीचे आश्चर्य वाटते. एवढे प्रगत देश, आणि मालगाडीचे डबे अजून हाताने जोडतात म्हणे?

चाकजोडी

होय, अजून हातानेच. आपल्या मालगाड्यांच्या वाघिणींना मधोमध स्वयंचलित कपलर असतो आणि दोन वाघिणी धडकल्या की जोडल्या जातात. युरोपात माणूस दोन डब्यांच्या बफरमध्ये वाकून शिरतो, वीस किलोहून जड साखळी-कडी उचलून समोरच्या आकड्यात टाकतो, मळसूत्र पिळून ताण देतो आणि हवेच्या नळ्या जोडतो, मग पाऊस असो वा बर्फ. त्या कडीला झेपेल तेवढाच भार मागे लावता येतो, म्हणून गाडीच्या वजनावरही मर्यादा येते. स्वयंचलित कपलरची चर्चा तिथे अनेक दशके चालली आहे. ताजा प्रस्ताव असा आहे की एकाच जोडणीत हवा, वीज आणि संदेश तिन्ही जावेत. अडचण एकच: निम्म्या वाघिणींना बसवून भागत नाही, कारण जुन्या आणि नव्या वाघिणी एकमेकींना जोडल्याच जात नाहीत. हजारो मालकांच्या लाखो वाघिणी जवळपास एकाच वेळी बदलायच्या, आणि पैसे कोणी द्यायचे ते ठरत नाही.

संयुक्त वाहतुकीला मात्र याची झळ कमी बसते, हेही नमूद करतो. तिच्या गाड्या टर्मिनल ते टर्मिनल एकसंध धावतात, वाटेत डबे तोडण्या-जोडण्याचे प्रसंग थोडे.

हिशेबनीस

घाटवाटा, चढाचा मुद्दा मान्य. तरी एक सांगा: ऱ्हाइनकाठचे चौपदरीकरण २०४० च्या दशकात होणार असेल, तर तोवर स्विस लोकांनी काय करायचे? डावा काठ, म्हणजे फ्रान्समधून स्ट्रासबुर्गमार्गे येणारी वाट, चार मीटरसाठी मोठी करायला काय हरकत आहे?

घाटवाटा

हरकत काहीच नाही, आणि बर्नमध्ये हाच विचार चालू आहे. अँटवर्पहून मेत्स आणि स्ट्रासबुर्गवरून बाझलला येणाऱ्या त्या मार्गावर व्होझ डोंगरातले जुने बोगदे उंच करावे लागतील. इटलीत लुइनोला जे केले तेच फ्रान्समध्ये करण्यासाठी स्वित्झर्लंड पैशाची मदत द्यायला तयार आहे. पण तो मार्ग उंच केला तरी फ्रान्सच्या दक्षिणेत दीड हजार व्होल्टची वीज, उत्तरेत पंचवीस हजारांची, जर्मनी-स्वित्झर्लंडमध्ये पंधरा हजारांची आणि इटलीत तीन हजारांची, हा घोळ आहेच. त्यावर अनेक प्रकारची वीज घेणारी इंजिने मिळतात, ती महाग असली तरी मिळतात. चालकांचे तसे नाही. रास्टाटच्या वेळी वाट होती आणि फ्रेंच येणारे चालक नव्हते. बोगदे उंच करण्याच्या खर्चाच्या मानाने आणीबाणीसाठी काही शे चालकांना दोन भाषा आणि दोन मार्ग शिकवून ठेवण्याचा खर्च किरकोळ आहे, आणि माझ्या मते सुरुवात तिथून व्हायला हवी.